आधी रिकामा बघा

आमच्या इस्टेटीच्या फाटकाजवळचा जुना वजनकाटा गेल्या महिन्यात माझ्याच गोदामात भंगार म्हणून आला. चार माणसांनी तो टेम्पोतून उतरवला. बिडाचा जाड पाट, त्याच्या डोक्यावर पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. गॅसकटरवाला तो तोडायला दोनदा आला. दोन्ही वेळा मी त्याला दुसऱ्या कामाला लावलं.

काटा कोपऱ्यात उभा आहे. बाहेरून डंपर गेला की गोदामाची जमीन हादरते आणि ती पितळी दांडी आपोआप हलायला लागते. पाटावर काही नसतं, समोर कोणी नसतं. तरी ती वर जाते, खाली येते. मी हातातलं काम सोडून ती थांबेपर्यंत बघत राहतो. बरोबर मधोमध थांबली की मागून कोणीतरी सावकाश बोलल्यासारखं वाटतं, "आधी रिकामा बघा."

हे वाक्य मांडवकरांचं. काट्यावर काहीही चढवण्याआधी ते समोरच्या दोन्ही पार्ट्यांना हे सांगायचे. रिकाम्या काट्याची दांडी मधोमध थांबलेली दोघांनी डोळ्यांनी बघायची, मगच पोतं पाटावर. घाई असो, पाऊस असो, मागं टेम्पोची रांग हॉर्न वाजवत असो. माझ्यासमोर त्यांनी हे वाक्य किती हजार वेळा उच्चारलं असेल, देव जाणे. आणि दर वेळी असं, की जणू आज पहिल्यांदाच सांगतायत.

गोविंद मांडवकर मूळचे रत्नागिरीकडचे. मीरा रोडजवळ हाटकेशला आमची छोट्या कारखान्यांच्या गाळ्यांची इस्टेट आहे. कुठं स्टीलची भांडी होतात, कुठं बिजागऱ्या, कुठं ट्रे. या गाळ्यांतून पत्र्याची कतरण निघते आणि ती माझ्यासारखे भंगारवाले उचलतात. विकणाऱ्याला वाटतं वजन जास्त भरावं, घेणाऱ्याला वाटतं कमी. म्हणून दोघांच्या मध्ये एक असा माणूस बसवावा लागतो, जो कोणाचाच नसेल. मांडवकर कोणाचेच नव्हते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, गावाला एक पुतण्या. खारी गावात एका आगरी म्हातारीच्या चाळवजा घरात मागची खोली घेऊन राहायचे. अंगावर खाकी शर्ट, खिशात दोन पेनं. एक चालणारं आणि एक चालणारं बंद पडलं तर.

माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा माझ्याकडं फक्त हातगाडी होती. जालन्याकडून आलो होतो, वय बावीस. धंद्याची पहिली विद्या मी आपली आपणच शिकलो होतो. पोतं पाटावर ठेवायचं, त्याला टेकून उभं राहायचं आणि बुटाचं टोक हळूच पोत्याखाली घालून ते जरा उचलून धरायचं. पोत्यामागं दीड-दोन किलो कमी भरतं. मांडवकर दांडीकडं बघत होते. माझ्याकडं त्यांनी मान वळवली नाही.

"पाय काढा," ते म्हणाले. "तुमचं वजन वेगळं घेऊ."

आजूबाजूचे हसले. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "घ्या की मग!" आणि रागारागानं पाटावर चढलो. त्यांनी खरंच वजन केलं. आधी रिकामा काटा दाखवायला मला खाली उतरवलं, मग परत चढवलं.

"सेहेचाळीस किलो तीनशे," ते म्हणाले. मग पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "जेवत नाय काय रे?"

दुपारी त्यांनी डब्यातली तांदळाची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं केली. बरोबर अर्धी. मला तेव्हाही वाटलं, या माणसानं ती तोलूनच मोडली असणार.

पुढं हातगाडीचा टेम्पो झाला, टेम्पोचं गोदाम झालं. ते मला 'अरे'वरून 'अहो गायकवाड'वर आले. मी त्यांना काका म्हणू लागलो. पण अर्धा किलो म्हणून त्यांनी मला कधी सोडला नाही. मी घासाघीस करून वर आलेला माणूस आहे, कोणाला त्याची लाज वाटत असेल, मला नाही. पहिला आकडा कधी खरा सांगायचा नाही, हा माझा धर्म. समोरच्यालाही ते माहीत असतं, तोही खोटाच सांगतो, आणि दोन खोट्यांच्या मध्ये कुठंतरी व्यवहार होतो. मांडवकरांपाशी हे चालायचंच नाही. त्यांच्याकडं एकच आकडा असायचा आणि तो ते पहिल्यालाच सांगून मोकळे व्हायचे. अशा माणसाशी भांडायचं कसं?

तरी मी भांडलो. एकदा सातशे ग्रॅमवरून. मी म्हणत होतो, वरचे सोडा. गाळेवालाही कंटाळून म्हणाला, सोडा हो. मांडवकर म्हणाले, "तुम्ही दोघं आपसात सोडा. चिठ्ठीवर मी जे आहे तेच लिहिणार." मी ती चिठ्ठी चुरगळून त्यांच्या अंगावर फेकली. त्यांनी वाकून चिठ्ठी उचलली, मांडीवर सपाट केली, आणि तोच आकडा नव्या चिठ्ठीवर उतरवून मला दिली.

"चुरगळलेल्या कागदावर आकडा वाचताना चूक होते," ते म्हणाले.

हे मी खूप वर्षं मनात धरून होतो. बायकोला सांगायचो, या माणसानं माझ्यासाठी एकदा तरी, एकदाच, आकडा हलवायला हवा होता. बायको म्हणायची, "तो हलवत नाही म्हणून तर तुमचं दुकान चालतंय."

ते खरं होतं. त्यांच्या चिठ्ठीवर कोणी शंका घ्यायचं नाही, म्हणून आमचे सगळ्यांचे तास वाचायचे.

त्यांचा सण एकच, दसरा. बाकीचे आपापल्या मशिनला हार घालायचे. मांडवकर काटा रॉकेलनं पुसायचे, दांडीला लिंबू चोळून चकाकवायचे, आणि पूजा झाली की पाटावर पहिला नारळ ठेवायचे. त्याचं वजन करायचे. मागच्या भिंतीवर गेरूनं लिहायचे, सालासकट. खाली सगळ्या जुन्या नारळांची वजनं. "गेल्या सालचा याच्यापेक्षा चाळीस ग्रॅम भारी होता," असं ते प्रसाद वाटता वाटता सांगायचे, आणि ते ऐकून काय करायचं हे कोणालाच कळायचं नाही. त्या दिवशी माझ्या हातात खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा यायचा. बहुतेक मलाच तसं वाटत असेल.

त्यांची पाठ दुखते हे मला फार उशिरा समजलं. ते स्टुलावर एका कुल्ल्यावर तिरके बसायचे, ती मी त्यांची ढब समजत होतो. मग ते उभ्यानं चिठ्ठ्या लिहायला लागले. मग डबाही उभ्यानं. एका सकाळी काट्यावर इस्टेटीचा वॉचमन बसलेला दिसला.

मी खारीला गेलो. म्हातारी दारातच होती. "यो बाबा चार दिस झालं बसला न्हाय," ती म्हणाली. "भितीला टेकून उभा र्‍हातंय. जेवतंय पन उभाच."

आत मांडवकर खरंच भिंतीला टेकून उभे होते. "अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "आधी येऊन-जाऊन होतं. आता मुक्कामाला आलंय."

इस्टेटीचे सेक्रेटरी मनसुखभाई माणूस वाईट नव्हता. पण वॉचमनच्या वजनावरून रोज आरडाओरडा व्हायला लागला. माझी तर रोज दोन भांडणं. मनसुखभाईंनी मांडवकरांना निरोप धाडला, "काका, दशेरा सुधी आराम करो. दसऱ्याला काट्यावर आलात तर तुमची जागा तुमची. नाहीतर मग मी इलेक्ट्रॉनिक काटा बसवतो आणि नवीन माणूस ठेवतो. माझा पण इलाज नाही."

मांडवकरांना त्या काट्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. त्यांना दसऱ्याच्या आत बसता यायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांना त्या स्टुलावर परत बसवायचं होतं. माझ्या वजनासाठी. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कोणाचा गैरसमज व्हायला नको.

मीरा रोडला एक डॉक्टरबाई फक्त जुनी दुखणी बघतात, असं मला कोणीतरी सांगितलं. मी मांडवकरांना रिक्षानं घेऊन गेलो. ते मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभे राहिल्यासारखे, वरचा दांडा धरून आले. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, बैठ जाओ, पुलिस पकडेगी." मांडवकर म्हणाले, "बैठ सकता तो तेरे पास कायको आता?"

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि शांत होत्या. त्यांनी टेबलावरचा मणक्याचा सांगाडा पुढं ओढून सगळं समजावलं. मणक्यामणक्यात छोटे सांधे असतात. ते झिजले की दुखतात, आणि त्यांचं दुखणं मेंदूकडं नेणारी एक बारीक नस असते. सुई त्या नसेपाशी न्यायची, रेडिओ लहरींनी सुईचं टोक तापवायचं आणि तेवढीच नस भाजून बंद करायची. कापाकापी नाही, त्याच दिवशी घरी. नस पुढं सहा महिन्यांत, वर्ष-दीड वर्षात परत वाढते, तेव्हा दुखणं परत येऊ शकतं. पण मधले दिवस मिळतात.

"म्हणजे बातमी आणणाऱ्यालाच गप्प करायचं," मांडवकर म्हणाले.

"तसंच," बाई हसल्या. "पण आधी खात्री करायची की हाच तो. तुमचं दुखणं या सांध्यांतून येत असेल किंवा खाली, कमरेच्या सांध्यातून. म्हणून आधी फक्त बधिर करायचं इंजेक्शन देणार. त्यानं दुखणं चांगलं निम्म्याच्या खाली गेलं, तरच नस भाजायची. नाहीतर मी दुसरीकडं शोधणार. आता सांगा, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही एवढं. तुमचं किती?"

मी टेबलाखालून मांडवकरांच्या पायाला पाय लावला. रिक्षात मी त्यांना बजावलं होतं, नऊ सांगा. नऊ सांगितलं की लोक मनावर घेतात.

मांडवकर विचार करत राहिले. "बाई," ते म्हणाले, "शून्य कुठं आहे ते आधी कसं बघायचं? माझा रिकामा काटा मी अकरा वर्षांत बघितलेला नाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "आठवून सांगा."

मांडवकरांनी डोळे मिटले. शेवटी म्हणाले, "सव्वासहा."

"पूर्ण आकडा चालेल, काका."

"मग तो माझा नसेल."

बाईंनी सव्वासहा लिहिलं. मी बाहेर येऊन काउंटरवर खर्चाची घासाघीस सुरू केली, तर मांडवकर मागून म्हणाले, "गायकवाड, माझ्या मणक्याचा भाव करू नका."

इंजेक्शन दिल्यावर त्यांना एक छापील कागद मिळाला. सहा तास, दर तासाला आकडा लिहायचा. बसून बघायचं, वाकून बघायचं, मग लिहायचं. बाई म्हणाल्या, उद्या सकाळी कागद पाठवून द्या, त्यावरून ठरवू. मी म्हणालो, मी आणून देतो.

दुसऱ्या दिवशी मी खारीला जाऊन कागद घेतला. मांडवकरांनी तो चौघडी करून पाकिटात घातला होता. म्हणाले, "जरा कमी झालं बघा. बसून चहा प्यायलो."

त्यांचा चेहरा उजळला होता. म्हणून मी रिक्षात पाकीट उघडलं.

सव्वासहा. चार. चार. सव्वाचार. साडेचार. साडेचार. पाच.

त्या सुबक, सरळ अक्षरातले ते आकडे मी तीन वेळा वाचले. हिशेब सोपा होता. निम्म्याच्या खाली एकही नाही. बाई म्हणणार, हे ते सांधे नव्हेत. मग दुसरी तपासणी, दुसरं इंजेक्शन, पुन्हा सहा तासांचा कागद. दसऱ्याला सात आठवडे राहिले होते आणि भाजल्यानंतर नीट फरक पडायलाच तीन-चार आठवडे जातात, हे बाईंनीच सांगितलं होतं.

मला त्या क्षणी मांडवकरांचा राग आला. बसून चहा प्यायला ना हा माणूस? मग लिहायचं की दोन! एवढा जन्म काट्यावर काढला आणि स्वतःसाठी अर्धा किलो सोडवत नाही. मला वाटलं, हे बाईंचं निम्मं म्हणजे बाजारातला पहिला आकडा आहे. त्या निम्मं मागतात, म्हणजे त्यांना थोड्या कमीतही चालत असणार. सगळेच तसं करतात. मी तर जन्मभर तेच बघत आलो होतो.

क्लिनिकच्या काउंटरवर मी म्हणालो, चहा सांडला, दुसरा कागद द्या. बाहेरच्या टपरीवर उभं राहून तो भरला. सव्वासहा तसंच ठेवलं, ते त्यांच्या फाईलमध्ये होतं. पुढं दोन, दीड, दीड, दोन, दोन, अडीच. दीड लिहिताना माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. पूर्ण आकडे लिहिले असते तर संशय आला असता. मांडवकरांचा कागद फाडून मी गटारात टाकला.

आठ दिवसांनी त्यांची नस भाजायचं ठरलं.

टेबलावर पालथं झोपवण्याआधी बाई त्यांना म्हणाल्या, "काका, तुमच्या कागदावर छान फरक दिसतोय."

मांडवकर म्हणाले, "मी लिहिलं तेवढा पडला, बाई."

मी दारात त्यांची पिशवी धरून उभा होतो. एका वाक्याचं अंतर होतं. मी तोंड उघडलं असतं तर ती सुई आत गेली नसती. मी पिशवी घेऊन बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

दाराला काच होती. आतलं दिसत होतं, ऐकूही येत होतं. नस भाजण्याआधी बाई सुईतून बारीकसा करंट सोडायच्या आणि विचारायच्या, "इथं मुंग्या येतायत? पाय उडतोय का?" चुकून दुसऱ्या, पायाकडं जाणाऱ्या नसेजवळ सुई असेल तर कळावं म्हणून. मांडवकर सांगायचे, "मुंग्या, कमरेत डावीकडं, चार बोटं. पाय नाय." बाई नर्सला म्हणाल्या, "असा पेशंट रोज मिळाला तर काय हवं?" मग दीड मिनिट नस भाजणं चालायचं. त्यांनी प्रत्येक वेळी सेकंद मोजले होते, ते मला नंतर सांगितले.

पहिले दहा-बारा दिवस भाजल्याची जळजळ राहिली. बाई म्हणाल्या होत्या तसंच. मग ती गेली. आणि खालून जुनं दुखणं जसंच्या तसं वर आलं. मी दर दोन दिवसांनी खारीला जायचो. "काका, उतरलं ना?" ते भिंतीला टेकून उभे असायचे. म्हणायचे, "बघू. वेळ द्यायला पाहिजे." म्हातारी मला बाहेर येऊन म्हणायची, "काय उतरला न्हाय. तुला वाईट वाटंल म्हनून बोलत न्हाय."

दसऱ्याच्या चार दिवस आधी आम्ही परत बाईंकडं गेलो.

"आता किती, काका?"

"सहा."

बाई चक्रावल्या. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं, पाय उचलायला लावला, गुडघा वाकवून कमरेवर भार दिला. तिथं मांडवकर कळवळले. त्या खुर्चीवर बसल्या आणि फाईल उघडली. "मला समजत नाही. दुखणं खालच्या सांध्यातलं वाटतंय. पण टेस्टला तर तुमचं दीडवर आलं होतं." आणि त्यांनी तो कागद उलटा करून मांडवकरांपुढं सरकवला.

मांडवकरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. कागद वाचला. वरपासून खालपर्यंत, सात आकडे. माझं अक्षर त्यांना ओळखू येणार नाही असं कसं होईल? वीस वर्षं माझ्या सह्या त्यांच्या चिठ्ठ्यांवर होत्या. ते वाचत होते तोवर मी दाराच्या कडीकडं बघत होतो.

"असं कसं झालं, काका?" बाईंनी विचारलं. "हे आकडे असे नसते तर मी तिथं सुई घातलीच नसती."

मांडवकरांनी कागद सरळ केला आणि परत त्यांच्याकडं सरकवला.

"काटा चुकला असेल, बाई," ते म्हणाले.

ज्या माणसानं आयुष्यात कधी काटा चुकल्याचं कबूल केलं नव्हतं, त्यानं. खोलीत तिघंच होतो आणि त्यातल्या दोघांना कळलं होतं की आता काय झालं.

परतताना रिक्षात मी बाईंवरच तोंडसुख घेतलं. हलगर्जीपणा, एवढे शिकलेले लोक, मी सोडणार नाही, असं काय काय. मांडवकर वरचा दांडा धरून तसेच अर्धवट उभे होते. "गायकवाड," ते म्हणाले, "जरा गप्प बसा. मला धरून उभं राहायचंय."

मी आतून हात जोडत होतो की त्यांनी मला शिव्या द्याव्यात. नुसतं 'का केलंत' एवढं विचारावं. माझ्याकडं उत्तरं तयार होती, चांगली पाच-सहा. मी भांडू शकलो असतो, रडू शकलो असतो, माफी मागू शकलो असतो. त्यांनी विचारलंच नाही. माझी त्यांच्यावरची तक्रार आजही हीच आहे. सातशे ग्रॅमची कधीच मिटली. ही मिटत नाही.

दसऱ्याला फाटकाजवळ नवीन इलेक्ट्रॉनिक काटा आला होता, हार घातलेला. जुना बाजूला सरकवला होता. मांडवकर आले. उभ्यानंच जुना काटा पुसला, दांडी चकाकवली, नारळाचं वजन केलं, भिंतीवर लिहिलं. मग नव्या काट्यापाशी गेले. रिकाम्या पाटावर लाल आकडे शून्य दाखवत होते, मधूनच वीस ग्रॅमवर जाऊन परत येत होते.

"वारा लागतो त्याला," मनसुखभाई म्हणाले.

"लागणारच," मांडवकर म्हणाले. नव्या माणसाला त्यांनी जवळ बोलावलं. "पोतं ठेवायच्या आधी रिकामा दाखवत जा. दोघांनाही."

त्या वर्षी मला खोबरं घ्यायला हात पुढं करवला नाही. त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशात तुकडा टाकला.

बाईंनी खालच्या सांध्यासाठी पुन्हा सुरुवात करू म्हटलं होतं. मी म्हणालो, काका, मी सगळं बघतो. ते म्हणाले, "आता कशासाठी? बसायचंय कुठं?" आठ दिवसांनी त्यांनी खोली सोडली.

गेल्या शिमग्याच्या आधी ते गावाला वारले. ताप आला आणि चार दिवसांत गेले, असं पुतण्यानं फोनवर सांगितलं. पाठीचा काही संबंध नव्हता. तरी मी विचारलं, पाठ दुखायची का त्यांची? "काही बोलले नाहीत हो कधी," तो म्हणाला. "फक्त जेवायला बसत नसत."

मी त्यांना शेवटचं बघितलं ते काशीमीऱ्याला, हायवेवर. संध्याकाळी तिथून कोकणात जाणाऱ्या खासगी बस सुटतात. मी माझ्या टेम्पोतून त्यांचं सामान आणलं होतं, एक ट्रंक आणि एक गोणी. बसचा क्लीनर गोणीकडं बघून म्हणाला, "याचं लगेज लागेल. किती किलो आहे?"

मी सवयीनं म्हणालो, "वीस."

मांडवकर म्हणाले, "एकतीस किलो चारशे."

क्लीनर दोघांकडं बघून हसला आणि त्यानं एकतीसच धरले. गोणी डिकीत गेली. ड्रायव्हर चढला. मांडवकर पायरीचा दांडा धरून एकेक पाऊल वर गेले. वर पोचल्यावर वळून माझ्याकडं बघितलं. मला काहीतरी बोलायचं होतं, ते सोडून मी भलतंच विचारलं. बाई विचारायच्या तसं.

"काका, आता किती?"

त्यांनी डोळे मिटले, बाईंपुढं मिटले होते तसेच. मग डोळे उघडले. त्यात राग अजिबात नव्हता.

"तुम्हीच लिहा," ते म्हणाले.

दार लागलं. बस निघाली. काचेतून सगळी माणसं बसलेली दिसत होती, आणि मधोमध एकटा खाकी शर्ट, वरचा दांडा धरून उभा.